जात पाळा, उच्चारू नका!

१८५५ साली पुण्यातल्या एका चौदा वर्षांच्या मुलीने निबंध लिहिला. मुक्ता साळवे तिचे नाव. जन्म मांग जातीत, शिक्षण जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत. निबंधाचा विषय मांग-महारांचे दुःख, आणि ते दोन्ही शब्द शीर्षकातच. ‘ज्ञानोदया’ने तो छापला. राज्य कंपनी सरकारचे होते, पेशवाई बुडून उणीपुरी सदतीस वर्षे झाली होती आणि पुण्याच्या पेठांत सनातन्यांचा दरारा तसाच होता. तरीही ‘पोरी, एवढे दोन शब्द तेवढे काढ, लोकांच्या भावना दुखावतील’ असे त्या मुलीला कोणी म्हटले नाही. जे तिने लिहिले ते छापून आले.

१७० वर्षे गेली. इंग्रज गेले, घटना आली, प्रजासत्ताकाची पंच्याहत्तरी झाली. मग त्या मुलीच्या गुरूवर ‘फुले’ नावाचा हिंदी चित्रपट तयार झाला, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाने, म्हणजे आपल्या नेहमीच्या भाषेत सेन्सॉर बोर्डाने, त्यातून काय काढायला लावले? ‘मांग’ काढा. ‘महार’ काढा. ‘पेशवाई’ काढा. मनूच्या जातिव्यवस्थेचा उल्लेख काढा. शूद्रांना कमरेला झाडू बांधून चालावे लागे, ते वाक्य बदला. ‘तीन हजार वर्षांची गुलामी’ म्हणू नका, ‘कित्येक वर्षांची’ म्हणा!

जे कंपनी सरकारच्या राज्यात छापता आले ते स्वतंत्र भारताच्या पडद्यावर बोलता येत नाही. या मंडळाला लाज नावाची काही चीज उरली आहे काय? जोतीरावांच्या चित्रपटातून मांग-महार काढायचे म्हणजे तुकारामांच्या चित्रपटातून विठोबा काढण्यासारखे आहे. मग उरते काय? पागोटे, उपरणे आणि पार्श्वसंगीत.

एप्रिलच्या शेवटी आम्ही हा चित्रपट पुण्यातल्या एका चित्रपटगृहात दुपारच्या खेळाला पाहिला. तिसाच्या आसपास प्रेक्षक असतील. पुढच्या रांगेत निवृत्त शिक्षिका वाटाव्यात अशा एक आजी बसल्या होत्या, शेजारी आठवी-नववीतली नात. वर्तमानपत्रात आलेली कापाकापीची यादी आजींनी वाचलेली असावी, कारण एका प्रसंगी नातीने कानाशी लागून विचारले, ‘आजी, इथं खरं काय म्हणत होते गं?’ आजींनी वगळलेले शब्द खणखणीत आवाजात सांगितले. मागून कोणीतरी ‘शूऽऽ’ केले. तशा त्या वळून म्हणाल्या, ‘बोर्डानं गप्प केलंय तेवढं पुरे आहे. तुम्ही आणखी नका करू.’ त्या दुपारी पडद्यावरच्या कुठल्याही संवादापेक्षा जोतीरावांच्या जवळचे वाक्य हेच होते.

मंडळाचे कैवारी सांगतात की हे शब्द अवमानकारक आहेत, कोणाही समाजाचा अवमान होऊ नये असे मार्गदर्शक तत्त्वांतच म्हटले आहे. वा! काय हा कळवळा! ‘महार’ हा शब्द अवमानकारक असेल तर अनुसूचित जातींच्या सरकारी यादीत तो कशाला छापता? महाराष्ट्राच्या यादीत महार आहे, मांग आहे, मातंग आहे. पोराला कॉलेजात घालायचे तर बापाने तहसील कचेरीत खेटे घालून, पन्नास सालाच्या आधीचा पुरावा शोधून, जो दाखला आणायचा त्यावर सरकार स्वतःच्या शिक्क्याखाली हाच शब्द लिहून देते. १९४१ साली उभी राहिलेली भारतीय सैन्याची महार रेजिमेंट आजही त्याच नावाने ताठ मानेने चालते. टोपीवर चालतो, दाखल्यावर चालतो, रजिस्टरात चालतो आणि जोतीरावांच्या तोंडी आला की अवमान होतो! अवमान नक्की कोणाचा होतो, ते एकदा स्पष्ट सांगून टाका ना. तो शब्द ज्यांच्या नावाचा आहे त्यांचा, की ज्यांनी त्या नावाच्या माणसांना पाणवठ्यावर येऊ दिले नाही त्यांचा?

झाडूचेही तसेच. पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू बांधून फिरावे लागे, थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडके अडकवावे लागे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली जातिनिर्मूलनावरच्या त्यांच्या त्या गाजलेल्या, होऊ न शकलेल्या भाषणात लिहून ठेवले आहे. ते पुस्तक चैत्यभूमीबाहेर सहा डिसेंबरला ढिगाने विकले जाते. केंद्र सरकार बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालते, त्यांच्या नावे पंचतीर्थे उभारते. आणि बाबासाहेबांनी लिहिलेली गोष्ट पडद्यावर दिसली की त्याच सरकारने नेमलेले मंडळ कात्री काढते. पुतळा हवा, पुस्तक नको!

आता तारखा पाहा. २४ मार्च २०२५ रोजी महाराष्ट्राच्या विधानसभेने जोतीराव आणि सावित्रीबाईंना भारतरत्न द्यावे अशी शिफारस करणारा ठराव एकमताने मंजूर केला. बाके वाजली. त्यानंतर दोन आठवडे होतात न होतात तोच मंडळाने त्या भारतरत्नांचे शब्द खोडले. ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीला, लागायचा तो चित्रपट दोन आठवडे पुढे ढकलला गेला, कारण काही ब्राह्मण संघटनांना झलक पाहून राग आला होता. राग येणे हा त्यांचा हक्क आहे, आम्ही तो नाकारत नाही. जोतीरावांचे लिखाण वाचून राग येऊ नये तर काय यावे? ते त्यासाठीच लिहिलेले आहे. पण ज्या विधानसभेने बाके वाजवली तिच्यातल्या किती जणांनी मंडळाच्या दारात जाऊन विचारले की आमच्या ठरावातल्या माणसाचे तोंड तुम्ही कोणत्या अधिकाराने बंद करता? विरोधी पक्षातले काही बोलले. सत्तेतल्यांची दातखीळ बसली. जयंतीचे फलक मात्र चौकाचौकात लागले होते, त्यावर जोतीरावांपेक्षा नगरसेवक मोठे.

चित्रपट म्हणून ‘फुले’ थोर आहे असे आम्ही म्हणणार नाही. अनंत महादेवन यांचा हेतू स्वच्छ, प्रतीक गांधी जीव तोडून काम करतो, पण प्रसंगामागून प्रसंग शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या झाकीसारखे येतात. ‘गुलामगिरी’ लिहिणाऱ्या माणसाच्या लेखणीत जो विखार होता, जी खवचट टवाळी होती, तिचा वास चित्रपटाला क्वचितच लागतो. तो मुळात सौम्यच होता, आणि एवढ्या सौम्य चित्रपटालासुद्धा या मंडळाने भ्यावे!

कोणी म्हणेल, एका चित्रपटाचे काय घेऊन बसलात? तर बसा, दुसरा घ्या. ‘फुले’नंतर चारच महिन्यांत ‘धडक २’ आला. मारी सेल्वराजच्या ‘परियेरुम पेरुमाळ’ या २०१८ च्या जळजळीत तमिळ चित्रपटाची ही हिंदी आवृत्ती. पहिल्या ‘धडक’ने आपल्या ‘सैराट’मधून जात अशी काढून टाकली होती की बोर्डाला काही काम उरले नव्हते; निर्मात्यांनीच कात्री चालवून दिली होती. दुसऱ्या वेळी दिग्दर्शिका शाझिया इक्बाल यांनी हिंमत केली, जातीवर जातीसारखे बोलायचे ठरवले. मग मंडळ धावले. सोळा ठिकाणी बदल. त्यातला एक वाचून आम्ही खुर्चीतून उठलोच. तीन हजार वर्षांचा बॅकलॉग सत्तर वर्षांत भरून निघणार नाही, अशा अर्थाचे एक वाक्य होते. त्यातले ‘तीन हजार वर्षे’ गेले, ‘शतकानुशतके’ आले.

पुन्हा तीन हजार! ‘फुले’त तीन हजार खुपले, ‘धडक’मध्ये तीन हजार खुपले. या मंडळाला आकड्याचे वावडे आहे की काय? आपली संस्कृती पाच हजार वर्षांची आहे असे व्यासपीठावरून ऊर बडवून सांगताना आकडा चालतो. त्याच संस्कृतीच्या पोटातल्या गुलामीचे वय सांगायचे झाले की ‘कित्येक’, ‘शतकानुशतके’, ‘फार पूर्वी’! अभिमानाची गोष्ट वर्षे मोजून सांगायची आणि शरमेची गोष्ट ‘असं होतं बुवा कधीकाळी’ म्हणून ढकलायची. याला इतिहास म्हणत नाहीत. दुकानातल्या वजनाला खालून चिंच लावतात ना, तो हा धंदा आहे.

तिसरा घ्या. ‘होमबाउंड’. नीरज घायवान यांचा हा चित्रपट आमच्या मते गेल्या दहा वर्षांतल्या सर्वोत्तम हिंदी चित्रपटांत बसतो. उत्तरेतल्या एका गावचे दोन दोस्त, एक दलित, एक मुसलमान. पोलीस भरतीचा अर्ज, सुरतेतली गिरणी, टाळेबंदी, आणि रस्त्यावर एकाच्या मांडीवर दुसऱ्याचे डोके. त्यातला एक प्रसंग आमच्या मनातून जात नाही. चंदनच्या आईला शाळेत पोषण आहार रांधायचे काम मिळते. ती चुलीपाशी बसते, आणि गावातले पालक येऊन सांगतात की हिच्या हातचे आमची पोरे खाणार नाहीत. कोणी ओरडत नाही, कोणी मारत नाही. बाई नुसती उभी राहते, हाताचे काय करावे हे तिला कळत नाही. विशाल जेठवाने चंदनच्या चेहऱ्यावर जे दाखवले आहे, जात सांगू की नको, फॉर्मवर काय लिहू, ते पाहताना आमच्या ओळखीच्या किती पोरांचे चेहरे डोळ्यांसमोरून गेले असतील.

हा चित्रपट कान महोत्सवात गेला, मार्टिन स्कॉर्सेसी यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, भारताने तो ऑस्करसाठी अधिकृतपणे पाठवला आणि शेवटच्या पंधरांच्या यादीत तो पोचला. नामांकन हुकले, त्याचे दुःख नाही. दुःख वेगळे आहे. जगाने जो ‘होमबाउंड’ पाहिला तो तुम्हा-आम्हाला पाहायला मिळाला नाही. आपल्याकडे लागला तो अकरा बदल आणि ७७ सेकंदांची कापाकापी सोसून. छापून आलेल्या यादीनुसार त्यात एका पूजेच्या दृश्याची दोन सेकंदे गेली, क्रिकेटच्या प्रसंगातले बोलणे गेले, ‘ज्ञान’ हा शब्द गेला, आणि काय गेले म्हणता? आलू-गोभी! बटाटा-फ्लॉवरच्या भाजीचा उल्लेख असलेले एक वाक्य. देशाची अखंडता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था हे सगळे कोणाच्या तरी ताटातल्या फ्लॉवरने धोक्यात आले होते! परदेशी परीक्षकांपुढे मिरवायला देशाची शान म्हणून हाच चित्रपट आणि देशातल्या प्रेक्षकापुढे मात्र चिंध्या करून. पाहुण्यांना पुरणपोळी आणि घरच्यांना शिळा तुकडा, अशी ही गत.

‘संतोष’ची कथा तर याहून संतापजनक. संध्या सुरी यांचा हा हिंदी चित्रपट. शहाना गोस्वामी आणि सुनीता राजवार यांनी रंगवलेल्या दोन महिला पोलीस, आणि मारून विहिरीत टाकलेली एक दलित मुलगी. ब्रिटनने तो आपला चित्रपट म्हणून ऑस्करला धाडला, तिथे तोही शेवटच्या पंधरांत आला. आमच्या मंडळाने एवढी कापाकापी सांगितली की यादी काही पाने चालली. दिग्दर्शिकेने ती करायला नकार दिला, आणि हिंदीत बोलणारा, हिंदुस्थानात घडणारा चित्रपट हिंदुस्थानच्या चित्रगृहांत लागला नाही. इराणचे जाफर पनाही घरच्या सरकारची परवानगी न घेता चित्रपट करतात, आणि ‘इट वॉज जस्ट अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट’ हा त्यांचा चित्रपट फ्रान्सच्या नावाने ऑस्करला जातो. आपण टाळ्या वाजवतो, इराणच्या मुल्लांना नावे ठेवतो. आणि आपल्या गावची विहीर ब्रिटनच्या नावाने का जाते, हे विचारायची वेळ आली की आपल्याला अचानक चहा आठवतो.

इथवर मंडळ वाईट आहे असे म्हणता येईल. पुढची गोष्ट ऐकल्यावर ते अडाणीही आहे असे म्हणावे लागते. नामदेव ढसाळांच्या कविता असलेल्या ‘चल हल्ला बोल’ या चित्रपटावर हरकती घेताना मंडळाकडून ‘कोण नामदेव ढसाळ?’ असा सवाल आल्याची तक्रार चित्रपटाच्या दिग्दर्शकाने जाहीरपणे केली. १९७२ साली दलित पँथर उभी करणारा, ‘गोलपिठा’ लिहून मराठी कवितेची कानशिले गरम करणारा, १९९९ साली याच भारत सरकारकडून पद्मश्री घेतलेला आणि साहित्य अकादमीने जीवनगौरव केलेला माणूस! आणि विचारतो कोण, तर मुंबईत पेडर रोडवर कचेरी असलेले मंडळ. तिथून गोलपिठ्याला टॅक्सी करा, रहदारी नसेल तर पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता. पण पेडर रोडवरून गोलपिठा दिसत नाही. कधीच दिसला नव्हता.

आणि कात्री काय फक्त जातीवरच चालते? छे, मधूनमधून ती करमणूकही करते. ‘सुपरमॅन’चे तेहतीस सेकंदांचे चुंबन कापले. केरळमध्ये एका चित्रपटातल्या पीडितेचे नाव जानकी आहे म्हणून हरकत घेतली, कारण ते सीतेचे नाव. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, न्यायमूर्तींना स्वतः चित्रपट पाहावा लागला, आणि अखेर नावात ‘व्ही’ हे आद्याक्षर घालून तडजोड झाली. म्हणजे जानकीवर अन्याय झालेला चालत नाही, जानकी व्ही.वर झाला तर हरकत नाही! देशात किती जानक्या, किती सीता, किती वैदेही पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून आहेत, त्यांच्या तक्रारअर्जावर मंडळ आद्याक्षर घालणार आहे काय? पंजाबात मानवाधिकार कार्यकर्ते जसवंतसिंग खालरा यांच्यावरच्या ‘पंजाब ९५’ला तर सव्वाशेच्या वर बदल सांगितले. एवढे बदल केल्यावर जे उरते त्याला चित्रपट म्हणत नाहीत, चाळण म्हणतात.

आता तराजूचे दुसरे पारडे पाहा. ‘द केरला स्टोरी’. झलकेत सांगितले, केरळातल्या बत्तीस हजार मुली धर्मांतर करून ‘आयसिस’मध्ये गेल्या. सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर या आकड्याला अधिकृत आधार नाही अशी सूचना पडद्यावर दाखवायचे निर्मात्याला मान्य करावे लागले. ही मे २०२३ ची गोष्ट. आणि १ ऑगस्ट २०२५ रोजी, ज्या दिवशी सोळा ठिकाणी भोसकलेला ‘धडक २’ चित्रगृहांत लागला त्याच दिवशी, दिल्लीत ७१ वे राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले. सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार कोणाला? ‘द केरला स्टोरी’च्या सुदीप्तो सेन यांना! छायांकनाचाही त्याच चित्रपटाला. ज्या आकड्याला आधार नाही तो आकडा सांगणाऱ्याला राष्ट्रपतींच्या हस्ते पदक. ज्या आकड्याचा आधार गावोगावच्या पाणवठ्यांवर, स्मशानांच्या वेगळ्या वाटांवर आजही उभा आहे, तो आकडा सांगणाऱ्याला कात्री. बत्तीस हजार चालतात, तीन हजार चालत नाहीत!

त्याच समारंभात ‘नाळ २’ची चिमुरडी पोर साडी नेसून पदक घ्यायला गेली आणि सारा महाराष्ट्र हरखला. आम्हीही हरखलो. आशिष बेंडे यांच्या ‘आत्मपॅम्फ्लेट’ला पदार्पणाचा पुरस्कार मिळाला, सुजय डहाके यांचा ‘श्यामची आई’ सर्वोत्कृष्ट मराठी ठरला. पोरांचे कौतुक खरे आहे, त्यांनी ते कमावले आहे. पण त्याच पंगतीत काय काय वाढले होते हे न पाहता नुसते जिलबीचे गोडवे गाणाऱ्या आमच्या मराठी वर्तमानपत्रांना काय म्हणावे?

‘छावा’बद्दल बोलताना महाराष्ट्रात पुष्कळांची जीभ टाळ्याला चिकटते. आमची चिकटत नाही. संभाजी महाराजांचा शेवट हा या मातीच्या काळजातला काटा आहे, आणि तो पडद्यावर यावा, हिंदीत यावा, देशाने पाहावा, यात वावगे काहीच नाही. विकी कौशलने मेहनतही केली आहे. पण दोन-अडीच तास किंचाळणारा तो चित्रपट राजाच्या बुद्धीला, संस्कृतात ग्रंथ लिहिणाऱ्या त्या पंडिताला, फारशी जागाच देत नाही. लेझीम खेळताना दाखवला म्हणून आपण गदारोळ करून ते दृश्य काढायला लावले आणि राजा आणखी थोडा कमी माणूस झाला. त्या चित्रपटाने बऱ्हाणपूरच्या लुटीची गोष्ट सांगितली, तर असीरगडाच्या पायथ्याला लोक रात्री टॉर्च, कुदळी घेऊन मोगलांच्या मोहरा शोधायला शेते उकरू लागले. हे हसण्यावारी नेता येईल. नागपूरचे नेता येत नाही. १७ मार्च २०२५ ला नागपुरात दंगल झाली, संचारबंदी लागली, एकाचा जीव गेला. आणि दुसऱ्या दिवशी खुद्द मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले की ‘छावा’मुळे औरंगजेबाविरुद्ध लोकांच्या भावना भडकल्या.

कायद्यातले ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे शब्द मग कोणासाठी आहेत? राज्याच्या मुख्यमंत्र्याने ज्याचे नाव घेतले तो चित्रपट सोळा वर्षांवरील मुलांना मोकळा, मध्य प्रदेशात आणि गोव्यात करमुक्त. आणि ज्याच्या खेळाला एक काच फुटली नाही त्या ‘फुले’ची जीभ छाटलेली. ‘छावा’ला कात्री लावा असे आम्ही म्हणत नाही; एक फ्रेम कापू नका. आम्ही एवढेच विचारतो की रक्ताच्या चिळकांड्यांना जे काळीज घाबरत नाही ते ‘मांग’ या दोन अक्षरांना का घाबरते? उत्तर सरळ आहे. औरंगजेबाचा राग आला की माणूस बाहेर बोट दाखवतो. जोतीरावांचे ऐकले की बोट स्वतःच्या घराकडे वळते. पहिला राग सत्तेला पोसतो, दुसरा सत्तेला जाब विचारतो. मंडळाला दोन्हींतला फरक नेमका कळतो. तेवढ्यापुरते ते अडाणी नाही.

या कात्रीचा कारभार कसा चालतो हेही वाचकाने समजून घ्यावे, कारण खरी मेख तिथे आहे. निर्माता चित्रपट दाखल करतो. परीक्षण समितीतले चार सल्लागार आणि एक अधिकारी तो पाहतात. ते हरकती काढतात. निर्मात्याला पटले नाही तर पुनरीक्षण समिती. तिथेही पटले नाही तर पूर्वी अपील न्यायाधिकरण होते, तिथे दाद मागता येई. २०२१ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ते न्यायाधिकरणच एका फटक्यात मोडीत काढले. आता उरले उच्च न्यायालय. पण निर्मात्याने तारीख जाहीर केलेली असते, चित्रगृहे धरलेली असतात, जाहिरातीचे पैसे गेलेले असतात, कर्जाचे व्याज दर दिवशी चढत असते. तो वकील गाठील की सही करील? तो सही करतो. मग मंडळ हात वर करून म्हणते, आम्ही कुठे कापले, निर्मात्याला बदल मान्य आहेत! तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि वर मार खाणाऱ्याकडून ‘मजेत आहे’ असे लिहून घेतलेले.

श्याम बेनेगल यांच्या समितीने २०१६ साली सरकारला स्वच्छ सांगितले होते की मंडळाने फक्त वयाप्रमाणे वर्ग ठरवावा, कापाकापीच्या फंदात पडू नये. बेनेगल २०२४ च्या डिसेंबरमध्ये गेले. त्यांच्या श्रद्धांजलीचे संदेश मंत्र्यांनी तत्परतेने धाडले. अहवालावरची धूळ मात्र कोणी झटकली नाही. २०१७ साली मंडळाच्या अध्यक्षपदावर बसलेले प्रसून जोशी स्वतः कवी, गीतांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेले. ज्याचे पोट शब्दांवर चालले त्याच्या कारकिर्दीत शब्दांचे असे मुडदे पडावेत!

पण निर्मात्यांनाही आम्ही सोडणार नाही. २०१६ साली ‘उडता पंजाब’च्या निर्मात्यांना मंडळाने तेरा फर्माने काढली. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि १३ जूनला एक कट आणि एक सूचना एवढ्यावर चित्रपट सुटला, चार दिवसांत लागलाही. म्हणजे लढता येते. शेकडो कोटींचा धंदा करणाऱ्या, मुलाखतींतून संवेदनशीलतेच्या गप्पा हाणणाऱ्या मोठ्या कंपन्यांना वकिलाची फी परवडत नाही काय? दलित पोराच्या दुःखावर चित्रपट काढायचा, कानच्या गालिच्यावर उभे राहायचे, आणि घरी आल्यावर त्याच पोराच्या तोंडातला शब्द गुपचूप सही करून द्यायचा! नाटकवाल्या कमलाकर सारंगांनी खिशात दमडी नसताना ‘सखाराम बाइंडर’साठी कोर्टाची पायरी चढली होती.

एक जुनी गोष्ट सांगतो. १९५४ साली आचार्य अत्र्यांनी ‘महात्मा फुले’ हा चित्रपट काढला. बाबूराव पेंढारकर जोतीराव झाले, सुलोचनाबाई सावित्रीबाई. मुहूर्ताला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. चित्रपट प्रमाणित झाला तो १९५२ च्या कायद्याखाली, जो कायदा आजही लागू आहे, आणि दुसऱ्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. त्याच्या आदल्या वर्षी अत्र्यांच्याच ‘श्यामची आई’ने पहिले सुवर्णपदक आणले होते. एकाहत्तर वर्षांनी ‘श्यामची आई’ला पुन्हा पदक मिळाले, कारण आईची माया कोणाला खुपत नाही. जोतीरावांना मिळाली कात्री. आज अत्रे असते तर ‘मराठा’च्या पहिल्या पानावर या मंडळाची काय सालटी निघाली असती, ते आम्ही लिहीत नाही, आमच्या लेखणीला तेवढी ताकद नाही.

आमचे मागणे स्पष्ट आहे. केंद्र सरकारने कापाकापीचा अधिकार मंडळाकडून काढून घ्यावा आणि मोडलेले न्यायाधिकरण पुन्हा उभे करावे. विधानसभेने भारतरत्नाचा ठराव ज्या जोमाने केला त्याच जोमाने ‘फुले’ अखंड दाखवावा असा ठराव करावा. आणि निर्मात्यांनी यापुढे सही करण्याआधी उच्च न्यायालयाचा पत्ता शोधावा. मुंबईत तो हुतात्मा चौकापाशी आहे, सापडायला अवघड नाही.

वाचकांना मात्र कोणाच्या परवानगीची गरज नाही. जोतीरावांचे समग्र वाङ्मय महाराष्ट्र सरकारनेच छापले आहे. मुक्ता साळवेचा निबंध दहा मिनिटांत वाचून होतो. येत्या रविवारी तो काढा, घरातल्या पोरीच्या हातात द्या आणि तिला मोठ्याने वाचायला सांगा. शीर्षकासकट.